फोन लागला नाही, शून्य टाका

"हिला उभी करा."

भाऊसाहेबांनी हे मला सांगितलं नाही, प्राचार्यांना सांगितलं. मी तिथंच होते, चार हातांवर. भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर फाइल घेऊन. पण संस्थेच्या बैठकीत कंत्राटी बाईशी थेट बोलायची रीत नाही. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून बोट वर केलं. मी उभी राहिले.

"ही आपलीच बी.ए. ना?"

"हो भाऊसाहेब. भूगोल."

"हिला पगार सांगायला लावा. पुण्याच्या साहेबांना कळू दे."

समोर लांब टेबल. दोन्ही बाजूंना संस्थेचे दहा-बारा लोक. सगळे तापीकाठचे, केळीवाले, उसवाले. पडद्यावर मोठा तक्ता लावलेला. पास होऊन गेलेली मुलं काय करतात, किती कमावतात, त्याचा तक्ता. तो मीच केला होता. कला शाखेच्या ओळी लाल होत्या. तो रंगही मीच भरला होता.

"आठ हजार चारशे," मी म्हणाले.

एक जण हसला. मग दुसरा. पुण्याहून आलेले सल्लागार साहेब हसले नाहीत, खोटं कशाला सांगू. त्यांनी लॅपटॉपमध्ये बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे या तर यादीत वरच्या भागात आहेत." तेव्हा मात्र सगळी खोली हसली. चहा घेऊन आलेला शिपाई, आमचा हिरालाल दादा, ट्रे धरून दारातच थांबला.

भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी माझ्याकडे हात केला, बाजारात बैल दाखवतात तसा. "बघा. डोंगरातली पोर. सरकारनं वसतिगृह दिलं, जेवण दिलं, शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षं खाल्लं. आणि हातात काय? आमच्या बागेत केळीचे घड वाहणारा गडी यापेक्षा जास्त नेतो."

खाल्लं. बाकी सगळं मी विसरेन, हा शब्द विसरत नाही. वसतिगृहाच्या पातळ वरणात बुडवलेली भाकर मला आठवली आणि तोंडात कडू पाणी आलं. त्या भाकरीचा हिशेब हा माणूस मागत होता, आणि मी मान खाली घालून उभी होते. एक शब्द फुटला नाही तोंडातून. त्याचीच लाज जास्त वाटते.

मला कोणी बस म्हणालं नाही. चहा झाला, बिस्किटं झाली, ठराव झाला, मी उभीच. हिरालाल दादा कप गोळा करायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "तू कसाले उभी व पोरी? बस ना." मी बसले नाही.

ठराव असा झाला. कला शाखेच्या मुलांना कमाई नाही, आकडे समोर आहेत. म्हणून यंदापासून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश बंद. त्या जागी मोबाईल दुरुस्ती आणि हॉटेलकामाचे सहा महिन्यांचे कोर्स, पूर्ण फी भरून. प्रस्ताव विद्यापीठाकडे जाणार, सोबत तक्ता जोडायचा, आणि तक्त्याखाली माहिती गोळा करणाऱ्याची सही. म्हणजे माझी.

माझी धाकटी बहीण रोशनी नुकतीच बारावी पास झाली होती. आमच्या पाड्यावरची बारावीपर्यंत गेलेली दुसरी मुलगी. पहिली मी. तिला भूगोल घ्यायचा होता, आणि आमच्या आवाक्यातलं कॉलेज हे एकच. दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती घरी बसली होती, मी कधी बोलावते याची वाट बघत. तिला ज्या वर्गात बसायचं होतं तो वर्ग माझ्या तक्त्यावर बंद झाला होता.

तो तक्ता कसा झाला, ते सांगते. लपवून काय करू?

वरून पत्र आलं होतं. पास झालेली मुलं आता कुठं आहेत, महिन्याला किती कमावतात, ते कॉलेजांनी कळवायचं. त्यावरून कुठल्या शाखेवर किती पैसा घालायचा ते ठरणार. सल्लागार साहेबांनी आम्हाला समजावलं तेव्हा मला पटलं होतं. अजूनही पटतं. मुलं शिकून बाहेर पडतात आणि पुढं त्यांचं काय होतं ते कोणी विचारतच नाही, हे चांगलं थोडंच आहे? कोणीतरी विचारतंय, याचा मला आनंद झाला होता.

प्राचार्य म्हणाले, "तू त्या मुलांतलीच. तुला सगळे ओळखतात. तूच कर." मला स्वतंत्र टेबल मिळालं, कॉलेजचा फोन मिळाला. मी फुशारले. आश्रमशाळेतून आलेली पोर, आता सरकारी माहिती भरणार! नवीन वही आणली, वर हळदकुंकू लावलं. एवढी मी शहाणी.

काम करायची पद्धत प्राचार्यांनी सांगितली. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, नाहीतर कॉम्प्युटर पुढं जात नाही. तीनदा फोन केला आणि लागला नाही तर 'काही करत नाही' लिहायचं आणि उत्पन्नात शून्य टाकायचं. आणि कोणी शेती सांगितली तर सातबारा विचारायचा. सातबाऱ्यावर घरच्यांचं नाव असेल तर स्वयंरोजगार. नसेल तर काही नाही.

हे काम मी केलं पौष-माघात.

आता जो आमच्या डोंगरातला आहे तो इथंच कपाळावर हात मारेल. दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. ट्रक भरून माणसं खाली गुजरातेत उसतोडीला जातात, ती होळीला परत येतात. मागं म्हातारी माणसं आणि कोंबड्या. फडात फोन कोण घेऊन बसतो? घेतला तर चार्जिंग कुठं? माघात तोरणमाळच्या अंगाला फोन लावणं म्हणजे बंद घराची कडी वाजवणं.

मला हे माहीत नव्हतं? माझा बा आणि माझी याहा, म्हणजे आई, तेव्हा उसाच्या फडातच होते. त्यांचा फोन मलाच आठ-आठ दिवस लागत नव्हता. रात्री मी बाच्या फोनची काळजी करायची आणि सकाळी टेबलावर बसून वर्गमित्रांना तीन रिंगा द्यायच्या. लागला नाही. शून्य. पुढचा. लागला नाही. शून्य. मला घाई होती. तारीख दिली होती प्राचार्यांनी, आणि त्यांनी शाबास म्हणावं असं फार वाटत होतं.

सपाटीवरच्या मुलांचे फोन पहिल्या रिंगला लागायचे. भाऊसाहेबांचा पुतण्या आमच्याच कॉलेजचा बी.कॉम. मी विचारलं, काय करता? म्हणाला, "केळी." महिन्याला किती पडतात? तो हसला. "लिही ना ताई, साठ-सत्तर हजार." मी सत्तर लिहिले. सातबारा होता ना घरचा. आज्यानं घेतलेली जमीन, बापानं खणलेली विहीर, गुजरातेत जाणारी केळी, सगळं त्याच्या पदवीच्या पुढं जाऊन बसलं. वाणिज्य शाखेची सरासरी एकदम वर गेली. मी तिला हिरवा रंग दिला.

प्राचार्य म्हणाले, "छान. रंगसुद्धा भरलेस." मी त्या दिवशी स्टँडवर उभी राहून पावशेर जिलेबी खाल्ली. एकटीनं.

बैठक झाली सोमवारी. सही द्यायची होती शनिवारी. मी दोन दिवसांची रजा घेऊन घरी निघाले. रोशनीला तोंड कसं दाखवायचं ते ठरत नव्हतं, पण कॉलेजात बसवतही नव्हतं. शहाद्याहून तोरणमाळची गाडी धरली, मध्येच उतरले, पुढं दोन तास पायवाट. पावसाळा तोंडावर होता. ओढा कोरडा, मोहाची झाडं नव्या पानांची. चालताना मी मनात वाक्यं जुळवत होते. एकही जुळलं नाही.

पाड्यावर पोचले तर सगळी माणसं एका ठिकाणी. सायसिंगचं घर उभं राहत होतं.

सायसिंग माझ्याच वर्गातला, बी.ए. भूगोल, माझ्यापेक्षा जास्त मार्कांचा. त्याचं जुनं घर मागच्या पावसात बसलं होतं. पाऊस यायच्या आत नवं उभं करायचं, म्हणून त्यानं लाहा बोलावला होता. आमच्याकडे घर बांधायला, निंदायला, कापायला मजूर लावत नाहीत. लाहा बोलावतात. अख्खा पाडा येतो, काम करतो, घरवाला जेवू घालतो. आज तुझ्याकडे सगळे, उद्या माझ्याकडे. पैशाचं नाव नाही. तीस-पस्तीस माणसं होती. पुरुष सागाचे खांब रोवत होते, बाया कुडाला माती लिंपत होत्या, एका बाजूला मोठ्या हंड्यात उडदाची डाळ रटरटत होती.

मी पिशवी ठेवली आणि मातीत हात घातला. लिंपता लिंपता शेजारच्या काकीला विचारलं, सायसिंग तर कुणाच्या लाहाला दिसत नाही, मग एवढी माणसं कशी आली? आपली पाळी न देता लाहा मागणं आमच्यात शोभत नाही.

काकीनं मला वेड्यात काढलं. "शिकलेली ना तू? त्यानं पाळी दिलीच की!"

मग कळलं. आमची डोंगरातली जमीन वनखात्याच्या कागदात जंगल म्हणून आहे. आजोबांपासून कसतो, पण सातबारा नाही. हक्क मागायचा तर दावा लिहावा लागतो, सोबत नकाशा लागतो. सायसिंग फोन घेऊन एकेकाच्या शेताच्या हद्दीवरून चालतो, मोजतो, नकाशा काढतो, दावा लिहितो. धडगावला जातो, नंदुरबारला जातो, साहेबांच्या दारात बसतो. आमच्या आणि शेजारच्या दोन पाड्यांचे कागद त्यानं केले. कित्येकांचे मंजूर झाले. त्यात त्याचे एवढे दिवस जातात की लाहाला जाता येत नाही. तेव्हा पाड्याच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, हा आपले नकाशे काढतो, तीच याची पाळी धरायची. दोन वर्षं झाली, त्याचं शेत पाडाच निंदतो.

नकाशा काढायला तो कुठं शिकला? मी ज्या बाकावर बसत होते त्याच्या मागच्या बाकावर. आमच्या भूगोलाच्या सरांनी एकदा मोठा सरकारी नकाशा भिंतीवर लावून दाखवला होता, हा तुमचा डोंगर, ही तुमची नदी. सायसिंग तास संपल्यावरही तिथंच उभा होता. मी त्याला चिडवलं होतं, नकाशात सासुरवाडी शोधतो का?

जेवायला बसलो तेव्हा तो डाळ वाढत माझ्याजवळ आला. आम्ही आमच्या बोलीत बोललो, इथं मराठीत लिहिते.

"माघात कुठं होतास? मी तीनदा फोन केला."

"फडात. दोन महिने गेलो होतो. मीठ-मसाल्याला तरी पैसा लागतो ना. फोन मुकादमाकडे ठेवलेला असायचा."

"महिन्याला किती सुटतात तुला?"

तो डाळीचा चमचा धरून विचार करत राहिला. खरंच त्याला माहीत नव्हतं. "कधी जोडलं नाही," म्हणाला. मग म्हणाला, "कशाला विचारतेस?"

मी तक्त्याचं सांगितलं. सगळं नाही, थोडं.

"मी काय आहे त्यात?"

"शून्य," मी म्हणाले. "काही करत नाही."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणाला आणि पुढच्या माणसाला डाळ वाढायला गेला. मी भाकर तशीच ठेवून उठले.

सगळेच सायसिंग आहेत असं मी म्हणत नाही. आमच्या वर्गातला एक दारूत गेला. दोघी तिघी पोरी खरंच घरी रिकाम्या आहेत, परीक्षांचे फॉर्म भरून भरून थकल्या. त्यांच्यापुढचं शून्य खरं आहे, आणि ते बघून मला रडू येतं. पण ते बघून सरकारनं काय करायला पाहिजे? विचारायला पाहिजे की पोरांना असं का झालं, काय कमी पडलं. इथं तर ताप मोजला आणि आजारी माणसालाच घराबाहेर काढलं. आणि तो ताप मीच चुकीचा मोजून दिला होता.

संध्याकाळी घरी रोशनीनं पिशवी माझ्यापुढं ठेवली. कागद एकावर एक, कोपरे सरळ केलेले. "ताई, फोटो किती लागतात? चार काढलेत." आश्रमशाळेत गेल्यापासून ती मला ताई म्हणते.

याहा चुलीपुढं बसली होती. त्या वर्षी फडात मोळी उचलताना तिचा खांदा निखळला होता, हात वर जात नव्हता. उसतोडीला एक कोयता म्हणजे दोन माणसं, एक तोडणारा, एक मोळ्या बांधणारा. बा एकटा जाऊ शकत नाही. म्हणून बानं आधीच सांगून ठेवलं होतं, रोशनीला कॉलेज मिळालं तर ठीक, आम्ही गावातच कसंतरी करू. नाहीतर दिवाळीनंतर ती याहाच्या जागी येईल. बा वाईट माणूस नाही. दुसरं काय करणार होता?

मी तिला सगळं सांगितलं. बैठक, ठराव, पडदा, माझा पगार, सगळ्यांचं हसणं. फोन, तीन रिंगा, शून्य. बोलताना मी रडत होते. मला वाटलं ती मला जवळ घेईल. तिनं कागद पिशवीत परत घातले. एकेक करून. मग म्हणाली, "म्हणजे मी शिकले असते आणि फडात असते, तर माझ्यापुढं पण तू शून्यच टाकलं असतं ना?"

मी तिची सख्खी बहीण. खरं उत्तर हो असंच होतं. तारीख जवळ असती, प्राचार्य शाबास म्हणणार असते, तर मी टाकलं असतं. लहानपणापासून मला शिकवलं होतं की साहेब सांगतात ते बरोबर, आपल्याला कळतं ते अडाण्यांचं. आश्रमशाळेत आमच्या बोलीत बोललं की छडी मिळायची. मी एवढी नीट शिकले की माझ्या माणसांचं जगणं माझ्या डोळ्यांना दिसायचं आणि माझा हात ते लिहायचा नाही. भाऊसाहेबांनी मला उभं केलं त्याचा मला राग होता. पण त्यांच्या आधी सायसिंगला मीच पुसून टाकलं होतं. त्या रात्री हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मग झोप कसली लागते?

शनिवारी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. भाऊसाहेब तिथंच होते, सोफ्यावर. प्राचार्यांनी तक्ता पुढं सरकवला, पेनचं टोपण काढून दिलं.

"सही कर आणि मोकळी हो."

"नाही सर."

"काय नाही?"

"हा तक्ता खोटा आहे. मी केला, पण खोटा आहे. फोन लागले नाहीत म्हणून शून्य टाकलेत. माणसं तेव्हा उसाला गेलेली होती. सातबारा नाही म्हणून त्यांची शेती धरली नाही. मला मुदत द्या. पावसाळ्यात सगळे पाड्यावरच असतात. मी घरोघर जाऊन विचारते, नव्यानं करते. पगार नका देऊ त्याचा."

प्राचार्य भाऊसाहेबांकडे बघायला लागले. भाऊसाहेब माझ्याशी पहिल्यांदाच थेट बोलले. "तुला इथं कोणी लावलं?"

"तुम्ही."

"मग तोंड कोणापुढं चालवतेस?"

मी हात पाठीमागं धरले. सोमवारी गेलेली वाचा त्या दिवशी परत आली होती. "भाऊसाहेब," मी म्हणाले, "तुमच्या पुतण्याची केळी बी.कॉम.मुळे पिकली नाहीत. आणि सायसिंग काही करत नाही हे खोटं आहे. तुम्हाला वर्ग बंद करायचाय तर करा. माझ्या सहीनं करू नका."

प्राचार्य म्हणाले, "अगं, पोटावर का पाय मारून घेतेस?" त्यांचा आवाज खरंच काळजीचा होता. त्यांनाही घर आहे. पण माझ्या बहिणीचंही पोट आहे, ते त्यांनी कधी विचारलं?

मी अर्ज लिहूनच आणला होता. तक्त्यातली माहिती कशी भरली, कुठं चुकली, कोणी काय सांगितलं, सगळं. खाली माझी सही. तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, आवक नंबर द्या. भाऊसाहेब म्हणाले, हा कागद घ्यायचा नाही. मी तो उचलून बाहेर आवक-जावकच्या टेबलाशी गेले. तिथला क्लार्क रजेवर होता, हिरालाल दादा बसला होता. त्याला आतलं सगळं ऐकू आलं होतं. त्याच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. मी म्हणाले, दादा, राहू द्या, तुमच्यावर येईल. तो म्हणाला, "दे इकडे. शिक्का मारानं काम मन्हं शे." शिक्का मारला, नंबर टाकला, मला प्रत दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी दुपारी माझा पगार काढणाऱ्या कंत्राटी एजन्सीचा फोन आला. सोमवारपासून येऊ नका.

तक्त्यावर दुसऱ्या कोणाची तरी सही झाली. तो विद्यापीठाकडे गेला. जुलैत बोर्डावर सूचना लागली, बी.ए. प्रथम वर्ष प्रवेश बंद. माझ्या अर्जाची प्रत मी विद्यापीठाला पोस्टानं पाठवली होती. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. मी स्वतः गेले, दोनदा. एकदा साहेब नव्हते, एकदा साहेब होते पण वेळ नव्हता. त्यांनी निरोप दिला, मुलीला बाहेरून परीक्षा द्यायला सांगा, नाहीतर मोबाईल दुरुस्तीला घाला. फी ऐकून मी परत फिरले.

पावसाळाभर मी पाडे फिरले. लोक निंदणीला होते, मीही शेजारी बसून निंदायचे आणि विचारायचे. कोण काय करतो, कशावर जगतो, शिकलेल्याचा कुठं उपयोग झाला, कुठं नाही झाला. जे रिकामे आहेत त्यांना रिकामे लिहिलं. जो दारूत गेला त्याचंही लिहिलं, त्याच्या आईनंच सांगितलं. एक मुलगी पाड्यावर अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली दवाखान्यात पोचवते, फॉर्म भरते, डॉक्टरांशी मराठीत बोलते, तिला कोणी काही देत नाही. तिचं लिहिलं. तक्त्यात डोंगरातली शंभराच्या वर नावं होती, दोन-चार सोडून सगळी झाली. प्रत्येकाची सही घेतली. ग्रामसभेनं ठराव केला की ही माहिती खरी आहे.

आणि दिवाळी झाली. फाट्यावर ट्रक आला. रोशनीनं याहाची ओढणी डोक्याला बांधली होती, हातात तिचाच कोयता. ट्रकमध्ये चढली तेव्हा मी खाली उभी होते. मला वाटलं काहीतरी बोलेल, रागावेल. ती म्हणाली, "ताई, माझ्या पुस्तकांना उंदीर लागतील, पत्र्याच्या पेटीत ठेव." ट्रक वळणावरून गेला. मी फाट्यावरच बसून मोठ्यानं रडले, बायाबापड्यांसमोर. लाज वाटली नाही. अठरा वर्षांची पोर, उसाच्या पात्यानं हात कापून घेत असेल, आणि तिच्या वयाच्या मुली खाली वर्गात बसल्या असतील. हे दुःख कुठल्याही ठरावानं कमी होत नाही. माझ्या बहिणीचं एक वर्ष गेलं. त्यात माझा हात होता.

लोक मला सांगतात, झालं ते झालं, आता दुसरी नोकरी बघ. काहीजण म्हणतात, तू कॉलेजच्या लोकांची माफी माग, भाऊसाहेब मोठ्या मनाचे आहेत. मी ऐकून घेते. मला मोठं मन नको. माझ्या बहिणीला वर्ग पाहिजे, बाक पाहिजे, भिंतीवरचा नकाशा पाहिजे, आणि ते मिळाल्यावर ती कमावते का नाही हे विचारायला पुन्हा कोणी आलं तर खुशाल यावं, पण पाड्यावर चालत यावं.

होळीला रोशनी परत येईल. जूनमध्ये मी तिला घेऊन कॉलेजात जाणार आहे. शेजारच्या पाड्यांवरच्या आणखी सहा मुली बारावीला आहेत, त्यांच्या आयांशी बोलून झालंय, त्याही येतील. अर्ज आणि ही नवी माहिती घेऊन आम्ही कचेरीत जाऊ. नाही म्हणाले तर मोठ्या दारात बसू, जिथून भाऊसाहेबांची गाडी आत जाते. पोलीस आले तर येऊ देत, पाऊस आला तर येऊ दे. भाकरी बांधून नेऊ. प्रवेशाचा कागद रोशनीच्या हातात पडेपर्यंत मी तिथून उठणार नाही.